कपाटाची किल्ली कोणाकडे?

हुबळीच्या विद्यानगराने आपले नाव सार्थ केले आहे. १९४७ साली स्थापन झालेल्या भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आज तेथे विद्यापीठ झाले आहे. अशा वस्तीत ग्रंथालय गृहीतच धरले जाते. मात्र संदर्भ शोधण्याची, अनुक्रमणिका चाळण्याची आणि दोन पुस्तकांतली माहिती ताडून पाहण्याची सवय विसाव्या वर्षी लावता येत नाही. ती आठव्या-नवव्या वर्षी लागते, तीही गोष्टीच्या पुस्तकातून. प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयाचा प्रश्न गोव्याइतकाच घाटापलीकडच्या या नगरालाही लागू होतो, तो यामुळेच.

कायद्याने हे ग्रंथालय बंधनकारक आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेसाठी वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांच्या ग्रंथांचे ग्रंथालय सांगितले आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत, तर पहिली ते आठवीच्या शाळेला १३,००० रुपयांपर्यंत पुस्तक-अनुदानाची तरतूद आहे. तथापि त्याच परिशिष्टात ग्रंथपालाचे पद नाही. त्यामुळे किल्ली वर्गशिक्षकाच्या खणात जाते. पुस्तक हरवले तर जडसंग्रह नोंदवहीचा जाब त्यालाच द्यावा लागतो. पुस्तक फाटू नये याची काळजी मग ते वाचले जावे या इच्छेपेक्षा मोठी ठरते. दोष शिक्षकाचा नाही, हिशेबाच्या पद्धतीचा आहे. वापरून जीर्ण झालेले पुस्तक जोवर तूट म्हणून नोंदले जाईल, तोवर कपाटे नवीकोरीच राहतील.

‘संशोधन’ या शब्दाची अवस्था याहून केविलवाणी आहे. ‘प्रकल्प’ म्हणून दुकानातला तयार चित्रतक्ता चिकटवायचा, मजकूर संगणकावरून उतरवायचा आणि रात्री जागून तो पुरा करायचा पालकांनी! वास्तविक लहान मुलाचे संशोधन एका साध्या प्रश्नाने सुरू होते. विद्यानगरापासून उणकल तलाव दूर नाही. त्या तलावात पाणी कोठून येते, हे विचारले तर मुलांना नकाशा पाहावा लागेल, पक्ष्यांचे पुस्तक उघडावे लागेल, आजोबांना विचारावे लागेल. पुस्तक एक सांगते आणि आजोबा दुसरेच, असे झाले की खरी मौज सुरू होते. गोव्यात हाच प्रश्न खाजन शेतीच्या मानशीबद्दल विचारता येईल. त्यासाठी लागतात दहा-बारा योग्य पुस्तके आणि आठवड्याची एक अशी तासिका, जी गणिताच्या उजळणीसाठी कोणी हिरावून घेणार नाही.

या बाबतीत कर्नाटकाने एक पाऊल पुढे टाकले आहे, पण ते शाळेबाहेर. साडेपाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे सोपवून २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’ उपक्रमाखाली मुलांना विनामूल्य सभासदत्व देण्यात आले. शाळा टाळेबंदीत असताना लाखो मुलांची नावे तेथे नोंदली गेली. तेथे किल्ली सांभाळणारा माणूस नेमलेला होता, हा फरक लहान नव्हे.

गोव्याची परंपरा जुनी आहे. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चे. २००५ मध्ये सुरू झालेली पणजीतील ‘बुकवर्म’ ही संस्था शाळाशाळांतून ग्रंथालयाचे तास घेत आली आहे. मोठ्याने वाचून दाखवणे, चित्रावरून बोलणे, पुस्तक निवडू देणे हे तिचे साधे मार्ग. शिवाय १९९३ च्या ग्रंथालय कायद्याने आपल्याकडे मद्यावरील अधिभारातून ग्रंथालयांसाठी पैसा उभा करण्याची सोय केली आहे. पिणाऱ्याने वाचणाऱ्याला हातभार लावावा, ही कल्पना खास गोमंतकीयच म्हणायची.

आपल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांपैकी अनेकींचा पट कमी आहे. ही उणीव सर्वत्र रडगाणे म्हणून मांडली जाते. ग्रंथालयाच्या तासाला मात्र ती सोयीची आहे. पंधरा मुले एका चटईवर बसू शकतात आणि प्रत्येकाच्या हाती वेगळे पुस्तक देता येते. ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने संगणकावर खुले केले आहेत, म्हणजे मराठी साहित्य मिळत नाही ही सबबही उरलेली नाही. अनुदानाची खरेदी वर्षअखेरीस घाईने, घाऊक यादीवरून होणार की शिक्षक आणि मुले मिळून पुस्तके निवडणार, एवढे तरी शिक्षण खात्याला नव्या शैक्षणिक वर्षापूर्वी एका परिपत्रकाने ठरवता येईल. त्याच परिपत्रकात हाताळून फाटलेल्या पुस्तकाची वसुली शिक्षकाकडून होणार नाही, हे वाक्यही घालावे.