मांडीतली नाडी

प्रसूतिगृहातून घरी सोडताना बाळ छान रडत असते, अंगावर पीत असते. आरे कॉलनीतल्या एखाद्या पाड्यावर ते पोहोचते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दूध ओढेनासे होते. पिताना कपाळावर घाम येतो, धाप लागते, हातपाय गार पडतात. सर्दी असेल, पोटात वारा धरला असेल, असे म्हणत रात्र काढली जाते. महारोहिणीची झडप जन्मतः अतिशय अरुंद असलेल्या बाळासाठी हीच रात्र घाताची ठरू शकते.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त महारोहिणीत शिरते, त्या तोंडाशी तीन पाकळ्यांची ही झडप असते. काही बाळांत पाकळ्या जाड आणि एकमेकींना चिकटलेल्या असतात. कधी दोनच, कधी एकच. तरीही पहिले दोन-तीन दिवस बाळ बरे दिसते, कारण गर्भात उपयोगी पडणारी, फुप्फुसाकडची रोहिणी महारोहिणीला जोडणारी नळी अजून उघडी असते आणि हृदयाची उजवी बाजू तिच्यातून शरीराला रक्त पुरवते. निसर्गनियमाने ती मिटली की आधार सुटतो. मूत्रपिंडे, आतडी उपाशी पडतात, बाळ निपचित होते. चित्र थेट जंतुसंसर्गासारखे दिसते. थकलेल्या हृदयातून रक्तच इतके कमी वाहते की छातीला स्टेथोस्कोप लावूनही खास आवाज ऐकू येत नाही. निदान चुकते ते इथे.

उपचार आहेत, आणि ते मुंबईतच आहेत. प्रोस्टाग्लँडिन ई-१ हे औषध शिरेतून सतत देत राहिले की मिटणारी नळी पुन्हा उघडते. त्याने बाळाचा श्वास थांबू शकतो, म्हणून व्हेंटिलेटर हाताशी लागतो. मग मांडीच्या किंवा नाळेच्या रक्तवाहिनीतून बारीक कॅथेटर नेऊन झडपेत काही मिलिमीटरचा फुगा क्षणभर फुगवतात. चिकटलेल्या पाकळ्या सुट्या होतात. हा कायमचा इलाज नव्हे. झडप पुन्हा आवळू शकते किंवा गळू लागते, आणि कृत्रिम झडप बाळाबरोबर वाढत नाही. म्हणून पुढे काहींवर डोनाल्ड रॉस यांनी १९६७ साली लंडनमध्ये सुरू केलेली शस्त्रक्रिया करतात: बाळाचीच फुप्फुसाकडची झडप महारोहिणीच्या जागी बसवायची.

आरेच्या पाड्यांपासून अंधेरी-जोगेश्वरीची मोठी रुग्णालये काही किलोमीटरवर आहेत. अडते ते अंतरावर नाही, ओळखण्यावर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि जन्मजात हृदयदोष त्याच्या यादीत आहेत. पण यादीत नाव असून भागत नाही. घरी सोडण्यापूर्वी प्रत्येक बाळाच्या हाताला आणि पायाला पल्स ऑक्सिमीटर लागला पाहिजे. हा दोष त्या यंत्रालाही हुलकावणी देऊ शकतो, म्हणून मांडीच्या सांध्यातली नाडी बोटाने चाचपलीच पाहिजे. त्याला पैसा लागत नाही, मिनिटभर वेळ लागतो. प्रोस्टाग्लँडिन मात्र थंड जागी ठेवावे लागते. नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक पालिका रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये ते असणे ही आमची आग्रहाची मागणी आहे.

आणि घरच्यांना एवढेच सांगणे: पहिल्या महिन्यात बाळ पिताना घामाघूम होत असेल, दूध सोडत असेल, तर उजाडायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना विचारा, ‘मांडीतली नाडी लागते का?’