दारची कण्हेर



आपल्या उस्मानाबादी शेळीला खाण्याची फारशी चिकित्सा नाही. बाभळीच्या शेंगा खाईल, बोरीचा काटेरी पाला ओरबाडील. पण बांधावरच्या कण्हेरीला ती सहसा तोंड लावीत नाही. चैत्र-वैशाखात भूम-परंड्याकडे हिरवे पान दिसत नाही, तेव्हा कण्हेर मात्र गुलाबी फुलांनी डवरलेली असते. पाणी नको, राखण नको, देवाला फूल मिळते. म्हणून आपण ती दारात लावली. महामार्गाच्या दुभाजकातही तीच आहे.

कण्हेर उपटून टाका असे मी म्हणणार नाही. उभ्या झाडापेक्षा तोडलेल्या फांद्यांचे भय अधिक. ओला पाला कडू लागतो, म्हणून जनावर टाळते. सुकल्यावर तो कडूपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. कडब्यात मिसळलेला मूठभर पालाही मोठ्या जनावराला पुरतो. विष थेट हृदयाचे ठोके बिघडवते.

कळंब तालुक्यात एका घरी लग्नासाठी अंगण साफ केले. छाटलेली कण्हेर गंजीजवळ पडली होती. मी तिथेच चहा घेतला आणि अंगण छान झाले म्हणून आलो. चार दिवसांनी दुभती गाय गेली. सगळे म्हणाले, पान लागले. डॉक्टरांनी पोट उघडले तर आत कण्हेरीची पाने. बोलणे माझे काम, आणि त्या दिवशी मी बोललो नाही.

पिवळ्या फुलांची बिट्टी हिचीच बहीण. तिच्या कठीण बियांनी मुले खेळतात. बी फोडून गर खाल्ला तर जिवावर बेतते. मोगली एरंडाचेही तेच. 2003 च्या सुमारास डिझेलचे झाड म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला, तो आता सरला. बांधावर झाडे राहिली. बी चवीला शेंगदाण्यासारखे, म्हणून पोरे खातात आणि उलट्या-जुलाबांनी बेजार होतात.

छाटणी केली की त्याच दिवशी पाला खोल खड्ड्यात पुरा. जाळू नका, धूरही बाधतो. जनावराने खाल्ल्याची शंका आली तर वैरण काढून घ्या, उन्हात चालवू नका, 1962 वर फोन करा. माणसासाठी 108. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्यात वेळ घालवू नका. जे खाल्ले त्याची फांदी किंवा बी दवाखान्यात सोबत न्या.