सूत्र कोणतं, सर?

मुलगा अकरावीला सायन्सला गेला, की आपल्याकडे घरात आधी टेबल येतं, मग टेबललॅम्प आणि त्यामागोमाग भिंतीवर चिकटवायचा सूत्रांचा तक्ता. टेबलाबद्दल माझी तक्रार नाही; पुढे त्यावर इस्त्री करता येते. लॅम्पही राहू द्या. पण त्या तक्त्याशी माझं उभं वैर आहे. एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं कॉलेजच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवल्यावर हे वैर जाहीर करायला मी कोणाला भीत नाही. (पेन्शनीत आलेल्या माणसाला एवढं तरी स्वातंत्र्य असावं.)

या तक्त्यामुळे होतं काय ते सांगतो. 'वीस मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून एक दगड...' एवढं वाचून झालं, की मुलाची मान वळते भिंतीकडे. 'उंची' हे अक्षर कुठल्या सूत्रात आहे? सापडलं! वेगाचं अक्षर? तेही आहे! झालं, गुण जुळले, उडवा बार. छत्तीसांपैकी अठरा गुण जुळले म्हणून लग्न लावणारे आपण लोक. पोरांनी तीच पद्धत न्यूटनला लावली. तो दगड वर फेकलाय, खाली टाकलाय की आडवा भिरकावलाय, याची चौकशी करावी असं कोणाला वाटतच नाही. एकतीस वर्षांत मला जे प्रश्न विचारले गेले, त्यांतला निम्म्याहून अधिक वेळा एकच: "सर, सूत्र कोणतं?" दगडाबद्दल कोणी अवाक्षर विचारलं नाही.

ही केवळ माझी कुरकुर नव्हे. मिशेलीन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवशिक्यांना आणि मुरलेल्या मंडळींना भौतिकशास्त्राची गणितं देऊन त्यांचे गठ्ठे करायला सांगितले. नवशिक्यांनी उताराची गणितं एकीकडे टाकली, स्प्रिंगची दुसरीकडे. मुरलेल्यांनी ऊर्जा टिकते ती एका गठ्ठ्यात घातली आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने सुटतात ती दुसऱ्या. त्यात उतार आहे की स्प्रिंग, इकडे बघितलंही नाही. नवशिक्यांचं म्हणजे पुठ्ठ्याच्या रंगावरून पुस्तकं लावण्यासारखं झालं. आणि तक्ता मुलाला पुठ्ठ्याचे रंगच पाठ करायला लावतो.

मी वर्गात म्हणायचो, "चित्र काढा." की मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "सर, ड्रॉइंग आठवीतच सोडलं." अरे, तुला राजा रविवर्मा व्हायला कोण सांगतंय? एक चौकोन काढ आणि त्याला कोण कोण ओढतंय, ढकलतंय त्याचे बाण दाखव. अट एकच: प्रत्येक बाणाला मालक हवा. हा बाण पृथ्वीचा, हा टेबलाचा, हा दोरीचा. वर फेकलेल्या चेंडूचं चित्र काढायला सांगा, दहातले आठ जण चेंडूवर वरच्या दिशेने एक जाडजूड बाण मारतात. "हा कोणाचा रे?" "सर, तो वर चाललाय ना!" वर चाललाय हे खरं, पण हाताने त्याला केव्हाच सोडलंय. आता त्याच्या मागे लागलेली आहे ती एकटी पृथ्वी (आणि थोडीफार हवा). बेवारस बाण सापडला, की पोराच्या डोक्यातला घोटाळाही सापडला. हे काम तक्ता करील? जन्मात नाही.

दुसरी खोड म्हणजे आकडे पहिल्या ओळीत कोंबायची. बस ब्रेक दाबल्यावर किती अंतरात थांबेल, हे गणित घ्या. बसचं वजन दिलेलं असतं. पोरगं ते पहिल्या ओळीत घालतं आणि शेवटच्या ओळीपर्यंत डोक्यावर वाहत नेतं. अक्षरांनी सोडवा, वजन मध्येच दोन्हीकडून उडून जातं! उरतो वेगाचा वर्ग, घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण. म्हणजे वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. घर्षणांक ०.७ धरला, तर ताशी चाळीस किलोमीटरला नऊ मीटर आणि ऐंशीला छत्तीस. आकड्यांत घुसलेल्याला एक उत्तर मिळालं. अक्षरांनी गेलेल्याला स्टिअरिंगवर बसण्यापूर्वी कळायला हवी अशी गोष्ट कळली.

आता 'सायन की कॉस?' हा शाश्वत प्रश्न. उतारावर ठोकळा ठेवला, तो खाली घसरवणारं बल कुठलं? क्लासवाले पाठ करून घेतात, "उताराला सायन, टेकूला कॉस." परीक्षेच्या हॉलमध्ये घाम फुटला, की नेमकं उलटं आठवतं. पाठ कशाला करता? पोळपाटावर काडेपेटी ठेवा. पोळपाट सपाट, म्हणजे कोन शून्य. काडेपेटी घसरते का? नाही. मग शून्य अंशाला शून्य होणारा कोण? सायन. संपलं! पाच सेकंदं लागतात आणि पोळपाट घरोघरी असतो.

आणि उत्तर आल्यावर त्याच्याकडे एकदा बघावं, ही तर शिष्टाचाराची गोष्ट. पाहुणा आला तर आपण मान वर करून बघतो की नाही? कसाऱ्याच्या घाटात रेल्वेचा चढ सदतिसास एक आहे. गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. मी गणित घालायचो: हजार टनांची गाडी तिथे नुसती रोखून धरायला किती बल लागेल? उत्तर आहे सुमारे २ लाख ६५ हजार न्यूटन. दर वर्षी एक तरी महाभाग २६५ लिहायचा, कारण टनांचे किलो करायचे राहिलेले. २६५ न्यूटन म्हणजे सत्तावीस किलोचं ओझं. तेवढ्याने गाडी थांबत असेल, तर कसाऱ्याला इंजिनं कशाला, स्टेशनावरचे दोन हमाल बास! बरं, एककांचा घोळ पोरंच घालतात असंही नाही. १९९९ साली नासाचं मंगळाकडे निघालेलं एक यान याच पायी गेलं: एका बाजूचे आकडे पौंडांत, दुसरी बाजू समजली न्यूटन.

यावर क्लासवाल्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे. "सर, प्रवेश परीक्षेत एका प्रश्नाला मिनिट-दोन मिनिटं. चित्रं काढत बसलो तर सीट कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. पण चार पर्याय समोर असताना कोन शून्य करून बघितला, एककं ताडून बघितली, तर दोन-तीन पर्याय तिथल्या तिथे गळतात. आणि चित्राला सवयीने वीस सेकंदं लागतात, तक्ता आठवायला मिनिट. घाई आहे म्हणूनच सांगतोय मी!

पण माझा खरा राग वेगळाच आहे. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा बारावीला झकास मार्क मिळवून इंजिनिअरिंगला गेला. पहिल्याच सहामाहीत म्हणायला लागला, "काका, मला हे जमणार नाही. मी ढ आहे." कशावरून? तर एका गणितावर दहा मिनिटं अडलो! बारावीपर्यंत त्याला कोणी दहा मिनिटं अडूच दिलं नव्हतं. अडला की गाइड उघडायचं, सुटलेलं गणित वाचायचं, "कळलं" म्हणून पुढे जायचं. आमच्या लहानपणी विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधत, पण तो कधीतरी सोडतही असत. याचा भोपळा कोणी सोडलाच नाही, आणि वर बुडायला लागल्यावर त्यालाच ढ ठरवलं. अशी किती पोरं स्वतःला ढ समजून मुकाट्याने लाइन सोडत असतील, या विचाराने माझं डोकं फिरतं.

मी त्याला एवढंच सांगितलं: वीस मिनिटं गाइड बंद. चित्र काढ, काय ठाऊक आहे आणि काय हवंय ते आपल्या शब्दांत लिही. मग हवं तर गाइडची एक ओळ बघ आणि पुन्हा मीट. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गणित कोऱ्या कागदावर.

महिन्याभराने त्याची आई वर आली. चेहरा गंभीर. "सर, पूर्वी हा रविवारी चाळीस चाळीस गणितं उडवायचा. काल दिवसभरात तीन!"

"तिन्ही सुटली?"

"अडीच. उरलेलं अर्धं घेऊन सकाळपासून गच्चीवर फेऱ्या मारतोय. जेवायलासुद्धा खाली येत नाहीये."

मी म्हटलं, "वहिनी, ताट वरच पाठवा."