यंत्रभाषा आणि पाठनिर्णय
म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत हरवली व ग्रंथ पुढे स्मरणातून सिद्ध झाला, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातूनच पाठभेद वाढले. कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा-प्रारूपे शब्दसूची, वर्गीकरण, भाषांतराचा कच्चा खर्डा क्षणात देतात. जालना-बीडकडून छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्याला हे साहाय्य मोलाचेच आहे. परंतु ही प्रारूपे प्रायः अधिक संभाव्य शब्द निवडतात. पाठचिकित्सेत मात्र पुष्कळदा अवघड, विरळ पाठच जुना ठरतो. नकलकार अपरिचित शब्द सोपा करीत असे. यंत्रही तेच करते, तेही निःशंकपणे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा लाभला. त्या दर्जाची बूज राखावयाची, तर यंत्राला लेखनिक मानावे. पाठनिर्णय अभ्यासकाने पोथी समोर ठेवूनच करावा.