शुद्ध सुराचं सोवळं

परवा माझा भाचा घरी आला. गिटारजवळ जमिनीवर ठेवलेली निळी डबी बघून म्हणाला, "मामा, तू अजून कोरस वापरतोस? ते ऐंशीच्या दशकातलं झालं रे! टोन कसा शुद्ध पाहिजे. गिटार, वायर, अँप्लिफायर. बस्स."

शुद्ध हा शब्द ऐकला की मी सावध होतो. या शब्दामागे कोणीतरी कोणाला तरी पंक्तीतून उठवायला निघालेलं असतं.

तर या कोरसचा गुन्हा काय? आलेला सूर तो दोन वाटांनी पाठवतो. एक सरळ जातो. दुसऱ्याला काही सहस्रांश सेकंद थांबवून धरतो आणि हे थांबवणं सारखं कमी-जास्त करतो, म्हणून तो सूर किंचित चढतो, किंचित उतरतो. दोघे भेटले की दोन माणसं वाजवत असल्याचा भास होतो. गणपतीच्या आरतीत दुसरं काय असतं? आमच्याकडे चाळीस जण आरती म्हणतात, त्यातल्या कोणाचाही सूर शेजाऱ्याशी जुळत नाही. पण चाळिसांची आरती गोड लागते आणि त्यातल्या कुठल्याही एकाची ऐकवत नाही. (मी त्या चाळिसांत आहे.)

सूर थांबवून धरणाऱ्या जुन्या चिपला 'बकेट ब्रिगेड' म्हणतात. १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत निघालेली ही युक्ती. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, तसा विजेचा भार एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात जातो. वाटेत थोडं सांडतंच. सुराचा चरचरीतपणा तिथेच गळतो आणि तो मऊ होतो. रोलँडच्या १९७५ सालच्या जेसी-१२० अँप्लिफायरमध्ये तर दोन स्पीकर. एकातून सरळ सूर, दुसऱ्यातून डुलणारा, आणि दोघांची गाठ पडते ती खोलीतल्या हवेत! पुढल्या वर्षी हेच कोरस बॉसच्या सीई-१ या पेटीत बसून गिटारवाल्यांच्या पायाशी आलं.

आता भाच्याचं सोवळं बघू. त्याच्या फेंडर अँप्लिफायरवर 'व्हायब्रेटो' लिहिलेलं बटण आहे. ते फिरवलं की सूर हलत नाही, आवाज लहान-मोठा होतो. त्याला म्हणतात ट्रेमोलो. उलट १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला सूर खाली-वर करणारी जी दांडी आहे, ती खरी व्हायब्रेटोची. तिचं नाव ठेवलं ट्रेमोलो! बारशाच्या दिवशी पाळणे बदलले असावेत. आणि भाच्याच्या टी-शर्टावर जो कर्ट कोबेन आहे, त्याने १९९१ साली 'कम ॲज यू आर' वाजवताना पायाखाली स्मॉल क्लोन नावाची कोरसचीच डबी ठेवली होती. हे सांगितल्यावर भाच्याने चहा मागितला.

अतिरेक झाला, हे कबूल. बटण पुरतं पिळलं की गिटारला बोट लागल्यासारखं होतं. पण मीठ जास्त पडलं म्हणून कोणी मीठ वर्ज्य करत नाही.

एक गोष्ट मात्र त्याला सांगितली नाही. गिरगावात चाळीच्या गच्चीवर आम्ही दोघं मित्र गिटार वाजवायचो. हा गृहस्थ नेहमी किंचित मागे. तारा नेहमी किंचित उतरलेल्या. वीस वर्षं मी त्याला त्यावरून बोललो. निवृत्तीनंतर तो मुलाकडे नागपूरला गेला. मी एकटा वाजवायला बसलो, तर गिटार अगदी स्वच्छ, अगदी बरोबर, आणि इतकी पोरकी वाजली की सहा महिने ती कपाटावर पडून होती. मग ही डबी आणली. पाय दाबला आणि उजव्या हाताला कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं. किंचित मागे, किंचित उतरलेलं.

गेल्या रविवारी त्याला फोनवर ऐकवलं. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "चांगलं आहे. पण तो दुसरा कोण रे? त्याला सांग, मागे पडतोय."