यंत्राचें भय कोणास?

परवां धरमपेठेंतील एका स्नेह्यांकडे गेलों असतां कचेऱ्यांतील संगणकाचा विषय निघाला. यजमान बँकेंतून निवृत्त झालेले, वहिनी शाळेंतून. "बायकांना यंत्राचें भय फार," असा यजमानांनीं निकाल दिला. वहिनी शांतपणें म्हणाल्या, "भय यंत्राचें नसतें, भावजी. एकदां विचारलेलें पुन्हां विचारलें कीं शिकविणारा खेकसतो, त्याचें असतें."

घरीं परततांना आम्ही याच गोष्टीचा विचार करीत होतों. संगणकास आपल्याकडे पहिला मोठा विरोध झाला तो बहुतांशीं पुरुषांच्या संघटनांकडून. आपल्याच विदर्भांतील आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनीं १९५५ सालीं स्थापिलेल्या भारतीय मजदूर संघानें १९८४ हें वर्ष संगणकविरोधी वर्ष म्हणून पाळलें. नोकऱ्या जातील, ही चिंता त्यामागें होती. त्यास कोणी भित्रेपणा म्हटलें नाहीं. बँकांतून तर १९८३ व १९९३ सालीं कर्मचारी संघटनांशीं रीतसर करार करूनच यंत्रें आणावीं लागलीं.

आतां दुसरें चित्र पाहावें. मार्च २०२१ मध्यें केंद्र सरकारनें अंगणवाड्यांकरितां 'पोषण ट्रॅकर' सुरू केला. बालकांचें वजन, उंची, आहार यांची नोंद सेविकांनीं मोबाइलवर करावयाची. मोबाइल म्हणजे तरी मुठींत मावणारा संगणकच. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें महाराष्ट्रांतील हजारों सेविकांनीं सरकारनें दिलेले मोबाइल परत केले. त्यांची तक्रार स्पष्ट होती: यंत्र निकृष्ट, दुरुस्तीचा भुर्दंड पदरचा आणि कामाचें ॲप इंग्रजींत. येथें मात्र "यांना जमत नाहीं" असें म्हणावयास आपली जीभ किती सहज वळते!

विश्वनाथ वेंकटेश व मायकेल मॉरिस या अमेरिकेंतील अभ्यासकांनीं नवी संगणकप्रणाली शिकणारे ३४२ नोकरदार पांच महिने निरखले व २००० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्र वापरावें कीं नाहीं हें ठरवितांना पुरुष त्याच्या उपयोगाकडे अधिक पाहत. स्त्रियांवर तें वापरण्यास सोपें आहे कीं नाहीं याचा व भोंवतालच्यांच्या मताचा प्रभाव अधिक पडे. पैकीं मताचा प्रभाव दिवसेंदिवस ओसरत गेला.

आम्हांस यांत नवल वाटत नाहीं. कचेरी सुटतांच जिची दुसरी पाळी स्वयंपाकघरांत सुरू होते, तिला चुकत चुकत शिकण्यास सवड कोठून मिळावी? तिनें आधीं सोपेपणा विचारला, तर तो वेळेचा हिशेब होय. यंत्र देणाऱ्यानें तें कळेल अशा भाषेंत द्यावें, शिकण्यास कामाच्या वेळांतलाच वेळ द्यावा आणि शिकविणारा धीराचा असावा. एवढें झाल्यावरहि कोणी मागें राहिली, तर मग खुशाल भयाची गोष्ट काढावी.

आणि वाचकबंधूंनीं घरांत कोणास यंत्र शिकवितांना तेंच पुन्हां विचारलें गेलें, तर वहिनींचें वाक्य आठवावें.