उचल आणि उचलेगिरी

परळी-वैजनाथ परिसरातील विद्यार्थ्याला ‘उचल’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. ऊसतोडीला निघणारे जोडपे हंगामापूर्वी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेते ती उचल. ती कोणाकडून, किती आणि केव्हा घेतली याची वहीत नोंद असते आणि कोयता चालवून ती फेडायची असते. त्या वहीतले हिशेब पुष्कळदा अन्यायाचे असतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की ‘उचलेगिरी’ हा शब्द त्याच धातूपासून आला असला, तरी तिथे नोंदही नसते आणि फेडही नसते. संशोधन हा उचलीचा व्यवहार आहे. पूर्वसूरींकडून घेतल्याशिवाय कोणाचाच प्रबंध उभा राहत नाही. प्रश्न घेण्याचा नाही, नोंदीचा आहे.

असे असताना वाङ्मयचौर्य म्हणजे काय, या प्रश्नाला आपल्या पदव्युत्तर वर्गात हल्ली एका आकड्याने उत्तर मिळते : दहा टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली यासंबंधी जे विनियम लागू केले, त्यांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, चाळीस ते साठ टक्क्यांना एक वर्षाची बंदी आहे आणि त्याहून अधिक साम्य असेल तर नोंदणीच रद्द होते. सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य मोजणीतून वगळले जाते. नियम हवेतच, याविषयी दुमत नाही. परंतु नियमाचा आकडा हाच नीतीचा आकडा समजला गेला की, ‘सर, माझे नऊ टक्के आले’ हे वाक्य अभिमानाने उच्चारले जाते. त्या नऊ टक्क्यांत कोणाचे काय होते, हे मग कोणी विचारीत नाही.

मराठी विभागांपुरते बोलायचे तर हे यंत्र आणखी आंधळे आहे. आपले कितीतरी समीक्षाग्रंथ, जुन्या नियतकालिकांचे अंक आणि अप्रकाशित प्रबंध अजून संगणकावर आलेले नाहीत. जे आले आहेत त्यांतील अनेक पानांची केवळ चित्रे आहेत, तर काही मजकूर युनिकोडपूर्व टंकात अडकून पडला आहे. यंत्राला जे वाचता येत नाही त्याच्याशी ते तुलना तरी कशी करणार? त्यामुळे तीस वर्षांपूर्वीचा एखादा प्रबंध जसाच्या तसा उतरवणारा निर्दोष ठरू शकतो आणि उताऱ्याखाली प्रामाणिकपणे नाव देणाऱ्याला मात्र अहवाल हाती धरून खुलासे करावे लागतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून दिलेल्या मजकुराने तर शब्दसाम्याच्या कसोटीचा पायाच काढून घेतला आहे. तेथे साम्य शून्य असू शकते आणि विद्यार्थ्याचे कामही शून्य.

म्हणून कसोटी दुसरीकडे शोधली पाहिजे, आणि ती आपल्या परंपरेत आहे. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्यापाशी होत्या त्यांना गाठून त्या मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. पुढे मूळ ग्रंथ नष्ट झाल्यावर तो स्मरणातून पुन्हा सिद्ध करण्यात आला, तेव्हा निरनिराळे पाठ त्यांच्या त्यांच्या नावांनिशी टिकवले गेले. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत पदरची ओवी घुसडणाऱ्याला कडक इशारा देऊन ठेवला. एकनाथ स्वतः थोर कवी होते, त्यांना भर घालणे अवघड नव्हते. तरी दुसऱ्याचा शब्द दुसऱ्याच्या नावावरच राहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

याची दुसरी बाजूही आपल्याच जिल्ह्याशी जोडलेली आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडमध्ये मिळालेल्या एका पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. पोथी एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे म्हणणे होते. पण मूळ पोथी पुढे अभ्यासकांना तपासण्यास उपलब्ध राहिली नाही आणि इतक्या मोठ्या संशोधकाचा हा दावा कायमचा वादात राहिला. राजवाडे यांच्या व्यासंगाविषयी कोणाला शंका नव्हती. पुरावा दुसऱ्याला पडताळता आला पाहिजे, ही अट मात्र व्यासंगालाही चुकत नाही.

या कसोटीवर पाहिले की यंत्राला न दिसणाऱ्या चोऱ्या दिसू लागतात. दुय्यम ग्रंथातला उतारा घ्यायचा आणि तळटीपेत न पाहिलेल्या मूळ ग्रंथाचा पृष्ठांक द्यायचा, ही पहिली. दुसरी आपल्या भागात अधिक गंभीर आहे. तांड्यावरच्या किंवा वाडीतल्या बाईकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायच्या, प्रबंधात ‘लोकपरंपरेतून प्राप्त’ असे छापायचे आणि त्या बाईचे नाव, गाव, तिची संमती यांतले काहीच नोंदवायचे नाही. पुस्तक लिहिणाऱ्याचे नाव न दिल्यास चौर्य, आणि निरक्षर गायिकेचे न दिल्यास लोकसाहित्य, हा न्याय कोणता?

आता शिक्षकांविषयी. वरील विनियमांनुसार प्रबंध चौर्यमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मार्गदर्शकाने द्यायचे असते. ते देण्यापूर्वी प्रबंध वाचला जातो का? विद्यार्थ्याच्या लेखावर मार्गदर्शकाचे नाव कोणत्या श्रमासाठी चढते? मौखिकीला येणाऱ्या परीक्षकांच्या जेवणाचा आणि शालीचा खर्च उमेदवाराने का करावा? शोधनिबंधांच्या सक्तीने काय झाले तेही आपण पाहिले आहे. २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.साठी निबंध प्रकाशित करणे बंधनकारक केले, पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले आणि २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. २०२२ च्या नियमांत ती सक्ती उरली नाही. सवय मात्र नियमाबरोबर रद्द होत नसते. विद्यार्थी नियमावलीपेक्षा आपल्या सरांकडे पाहून अधिक शिकतो.

कोणी म्हणेल, घरात पहिल्यांदाच एम.ए.पर्यंत पोहोचलेल्या मुलाकडून इतक्या काटेकोरपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मला हे म्हणणे वरकरणी दयेचे, पण मुळात अवमानाचे वाटते. ज्याच्या आईवडिलांनी उचल फेडून त्याला शिकवले, त्याला नोंदीचे महत्त्व कळणार नाही असे आपण का गृहीत धरावे? त्याला कोणी शिकवलेले नसते, एवढेच खरे. अवतरण कसे द्यावे, सारांश आणि उतारा यांत फरक काय, हे पदवीच्या तीन वर्षांत एकदाही न सांगता प्रबंधाच्या वेळी एकदम शिक्षेचा तक्ता दाखवणे हा खरा अन्याय आहे.

उपाय फार खर्चाचे नाहीत. एम.ए.च्या संशोधन प्रकल्पासाठी टंकलिखित प्रतीबरोबर हस्तलिखित टिपणवही मागावी आणि गुण देताना ती उघडावी. प्रत्येक विद्यार्थ्याशी त्याच्या प्रकल्पावर अर्धा तास बोलावे, कारण विकत घेतलेला किंवा यंत्राने लिहिलेला मजकूर तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. मौखिक साहित्याच्या संकलनात सांगणाऱ्याचे नाव आणि संमती अनिवार्य करावी. मौखिकीचा खर्च संस्थेने करावा.

असा प्रकल्प कदाचित चाळीसच पानांचा होईल, भाषाही थोडी अडखळती असेल. पण अंबाजोगाईच्या मुकुंदराजांवर लिहिताना, त्यांच्या काळाविषयी आणि स्थळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, मी अमुक पुरावा पाहिला आणि अमुक पाहू शकलो नाही, असे जो विद्यार्थी लिहील, त्याला साम्याच्या अहवालाची भीती बाळगण्याचे कारण उरणार नाही. त्याची उचल वहीत नोंदलेली असेल.